डायलिसिसच्या रुग्णाने फळ मोजून खावे, अर्क विकत घेऊ नये

आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत मोसंबी घेऊन जाण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. जालना जिल्ह्यात तर हे फळ बांधावरचेच. अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांत मोसंबीच्या बागा आहेत, बदनापूरला मोसंबीचे संशोधन केंद्र आहे आणि २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तापातून उठलेल्याला, ऑपरेशन झालेल्याला, तोंडाची चव गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला मोसंबीचा रस द्यावा, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. पण घरातल्या कुणाचे डायलिसिस सुरू झाले की आहाराचा एक कागद हातात पडतो आणि त्यावर ठळक अक्षरांत असते: फळांचा रस बंद, नारळपाणी बंद. घरचे गोंधळून जातात. त्याच सुमारास मोबाइलवर जाहिराती दिसू लागतात. नोनीचा रस, आवळ्याची पावडर, डाळिंबाच्या अर्काच्या कॅप्सूल, आणि या सगळ्यांवर एकच शब्द मोठ्या टायपात छापलेला: अँटीऑक्सिडंट. रस घातक आणि त्याच फळातून काढलेला अर्क मात्र गुणकारी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

या लेखात त्याचे उत्तर पायरीपायरीने मांडायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. फळांत अँटीऑक्सिडंट असतात, हे खरे आहे. डायलिसिसच्या रुग्णाला त्यांची वाण असते, हेही खरे आहे. तरीही या दोन खऱ्या गोष्टींची बेरीज करून ‘म्हणून अर्क घ्यावा’ असा निष्कर्ष निघत नाही. मधल्या दोन पायऱ्या जाहिरातीत गाळलेल्या असतात. पहिली, त्या अर्कासोबत शरीरात आणखी काय जाते. दुसरी, त्याने रुग्णाचे आयुष्य खरोखर वाढते का. त्या पायऱ्या तपासल्या की डायलिसिसच्या रुग्णाने फळ मोजून खावे आणि अर्क विकत घेऊ नये, हेच ठरते.

अँटीऑक्सिडंट नेमके करते काय?

चिरलेले सफरचंद थोड्या वेळात तपकिरी पडते. हवेतल्या ऑक्सिजनची फळातल्या घटकांशी रासायनिक क्रिया होते, तिला ऑक्सिडेशन म्हणतात. त्याच फोडींना लिंबू चोळले तर त्या बराच वेळ पांढऱ्या राहतात, कारण लिंबातले क जीवनसत्त्व त्या क्रियेला अडवते. ऑक्सिडेशनला अडवणारा पदार्थ तो अँटीऑक्सिडंट. शरीरातही अशी क्रिया सतत चालू असते. पेशी ऑक्सिजन वापरून अन्नातून ऊर्जा काढतात, तेव्हा काही अस्थिर रेणू तयार होतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो आणि तो शेजारच्या रेणूतून दुसरा ओढून घेऊ पाहतो. यांना मुक्त कण म्हणतात. त्यांनी रक्तवाहिन्यांच्या अस्तराला, चरबीच्या कणांना, प्रथिनांना इजा होते. शरीर त्यांना आवरण्यासाठी स्वतःची विकरे तयार करते आणि आहारातून आलेली क आणि ई जीवनसत्त्वे त्या कामी लावते. मुक्त कण वाढले आणि आवरणारे कमी पडले, की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

मात्र मुक्त कण हे केवळ शत्रू नव्हेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच कण मुद्दाम तयार करतात, आणि पेशींमधले काही निरोपही त्यांच्यामार्फत पोहोचतात. त्यामुळे ते पूर्ण नाहीसे करणे हे कधीच उद्दिष्ट नसते, हवा असतो तो तोल. ही गोष्ट लक्षात ठेवली की ‘जितके जास्त अँटीऑक्सिडंट तितके चांगले’ हा जाहिरातीचा पाया आपोआप डळमळतो.

डायलिसिसच्या खाटेवर ताण वाढतो, हे खरे

विक्रेत्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक भाग आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. डायलिसिसच्या वेळी हातातल्या फिस्टुलामध्ये, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेत, दोन सुया घातल्या जातात. एका सुईतून मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त पंपाने बाहेर ओढले जाते, ते डायलायझर नावाच्या नळकांड्यातून फिरते आणि दुसऱ्या सुईतून परत येते. त्या नळकांड्यात केसाइतक्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंचा जुडगा असतो. रक्त तंतूंच्या आतून वाहते आणि बाहेरून मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रावण उलट दिशेने वाहते. चार तासांत हे द्रावण १२० लिटर होते. रक्तातला युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम तंतूंच्या भिंतीतून झिरपून त्या द्रावणात उतरतात.

या व्यवहारात तीन गोष्टी घडतात. एक, रक्ताला शरीराबाहेरच्या कृत्रिम पृष्ठभागाचा स्पर्श होतो, तेव्हा पांढऱ्या पेशी चवताळतात आणि मुक्त कण सोडतात. दोन, क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे असल्याने कचऱ्याबरोबर तेही द्रावणात निघून जाते. तीन, रक्तवाढीसाठी शिरेतून दिले जाणारे लोह मुक्त कणांच्या निर्मितीला हातभार लावू शकते. मधुमेह आणि दीर्घकाळची सूज ही त्यात भर. डायलिसिसच्या रुग्णांच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा फार मोठा आहे आणि या ताणाचा त्याच्याशी संबंध असावा, असे मानायला आधार आहे. म्हणून अँटीऑक्सिडंटचा विचार करणारे वैज्ञानिक चुकीच्या दिशेने गेले नव्हते. तर्क सरळ होता. तो खरा ठरतो का, हे पाहणे बाकी होते.

चार तासांत निघते किती, मधल्या दिवसांत साठते किती?

त्याआधी त्या पहिल्या गाळलेल्या पायरीकडे पाहू. मोसंबीच्या बागेला शेतकरी नत्र, स्फुरद आणि पालाश देतो. यातले पालाश म्हणजे पोटॅशियम. फळ पोसायला ते लागते आणि फळात ते उतरते. चांगल्या फळात पोटॅशियम असणारच. संत्र्याच्या रसात १०० मिलिलिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि मोसंबी त्याच कुळातली. नारळपाण्यात सुमारे २५०, डाळिंबाच्या रसात २००च्या वर, केळ्यात १०० ग्रॅममागे ३५०च्या आसपास आणि मनुकांमध्ये तब्बल ७५०. पाणी काढून फळ जितके आटवाल, तितके पोटॅशियम दाट होते.

आता एक पेला रस घेऊ. २५० मिलिलिटर रसात सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम आले. शरीरातले बहुतेक सगळे पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात मिळून ते जेमतेम अडीच ग्रॅम असते. म्हणजे एका पेल्यातून त्या साठ्याच्या पाचव्या भागाइतके पोटॅशियम एका वेळी येते. निरोगी माणसात इन्सुलिन ते तात्पुरते पेशींत ढकलते आणि मूत्रपिंडे पुढच्या काही तासांत लघवीवाटे बाहेर टाकतात. पोटॅशियम बाहेर टाकण्याचे ९० टक्के काम मूत्रपिंडांचे असते. ती बंद पडली की आलेले पोटॅशियम शरीरातच तिष्ठत राहते.

शहरात घंटागाडी रोज आली तर घरात कचरा साठत नाही. ती आठवड्यातून दोनदाच आली, तर गाडी कितीही मोठी असली तरी मधल्या दिवसांत काय काय जमा होते, यावर घराची अवस्था ठरते. मूत्रपिंड ही चोवीस तासांची सेवा आहे, डायलिसिस ही ठरलेल्या वाराची. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ढोबळमानाने ३ ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम निघते. आठवड्याला तीन वेळा केले तर ९ ग्रॅम, दोनच वेळा केले तर ६ ग्रॅम. आपल्याकडे अनेक रुग्णांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसाला साधारण २ ते अडीच ग्रॅमची मर्यादा सांगतात, म्हणजे आठवड्याचे १४ ते साडेसतरा ग्रॅम. खाल्लेले सगळेच रक्तात शोषले जात नाही. उरलेले शौचावाटे आणि ज्यांना अजून थोडी लघवी होते त्यांच्या लघवीवाटे जाते. हिशेब इतका काठावरचा असताना रोजचा एक पेला रस आठवड्याला साडेतीन ग्रॅमची भर घालतो. एका संपूर्ण डायलिसिसने काढलेल्यापेक्षा ते जास्त आहे.

रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ या पातळीत असावे लागते. ते ६च्या वर गेले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका उभा राहतो. पाय जड होणे, अशक्तपणा, मुंग्या येणे ही लक्षणे कधी दिसतात, पण बरेचदा काहीच न जाणवता हृदय थांबते. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या डायलिसिस रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातल्या दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतर मृत्यूंचे आणि हृदयविकाराने दाखल होण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. मधल्या दिवसांत काय साठते, हा प्रश्न किती जिवावरचा आहे, हे त्यावरून कळते.

प्रयोगांनी काय दाखवले?

आता दुसरी पायरी. अर्काने फायदा होतो का? या प्रश्नावर खरेखुरे प्रयोग झाले आहेत आणि फळांपुरते बोलायचे तर सर्वांत गाजलेला प्रयोग डाळिंबाचा आहे. इस्रायलमध्ये १०१ डायलिसिस रुग्णांवर वर्षभर हा प्रयोग चालला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना डाळिंबाचा रस दिला, काहींना तसाच दिसणारा आणि लागणारा नकली रस. रस घेणाऱ्यांच्या रक्तात ऑक्सिडेशनच्या आणि सुजेच्या खुणा कमी झाल्या आणि जंतुसंसर्गामुळे दवाखान्यात दाखल होण्याचे प्रमाणही घटले. जाहिरातदार हा निष्कर्ष आवर्जून सांगतात. पण त्या प्रयोगाची रीत सांगत नाहीत. रस एका वेळी फक्त १०० मिलिलिटर होता, आठवड्यातून तीनच दिवस, आणि तोही डायलिसिस चालू असताना. म्हणजे रसातले पोटॅशियम शरीरात येत असताना ते काढून टाकणारे यंत्र शेजारी सुरू होते. त्या प्रयोगाचा दाखला देऊन घरी रोज बाटलीतला रस प्यायला सांगणे म्हणजे निष्कर्ष घ्यायचा आणि अट फेकून द्यायची.

शिवाय त्यानंतरचे निष्कर्ष तितके उत्साहवर्धक नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेत २४ रुग्णांवर डाळिंबाचा रस आणि डाळिंबाचा अर्क दोन्ही तपासले. ते थोड्या काळासाठी झेपले, पण रक्तदाब, सूज, ऑक्सिडेटिव्ह ताण यांवर परिणाम आढळला नाही. हे दोन्ही प्रयोग लहान आहेत, तेव्हा दोन्हींवर जपूनच बोलले पाहिजे. फळे बाजूला ठेवून शुद्ध अँटीऑक्सिडंटकडे पाहिले तरी चित्र असेच हेलकावते. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये १९६ रुग्णांवरचा ई जीवनसत्त्वाचा प्रयोग आला आणि त्यात हृदयविकाराच्या घटना कमी दिसल्या, मृत्यू मात्र घटले नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ३५३ रुग्णांवर ई जीवनसत्त्वाचे मिश्रण आणि अल्फा लायपोइक ॲसिड सहा महिने देऊन पाहिले. सूजही कमी झाली नाही आणि ऑक्सिडेटिव्ह ताणही नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांवरचे १० प्रयोग, १,९७९ रुग्ण, एकत्र तपासले. डायलिसिसच्या गटात हृदयविकाराबाबत आशेला थोडी जागा दिसली, पण एकूण मृत्यूंमध्ये फरक सापडला नाही.

पहिल्यांदा चमक दिसते आणि नंतरच्या प्रयोगात ती विझते, असे का होते? एक कारण पोटातच आहे. डाळिंबातले, द्राक्षातले, जांभळातले रंगीत घटक, ज्यांना पॉलिफेनॉल म्हणतात, ते फार थोडे शोषले जातात. आतड्यातले जीवाणू त्यांचे तुकडे करतात आणि रक्तात पोहोचतात ते बहुतांशी हे तुकडे. परीक्षानळीत जो पदार्थ मुक्त कणांना अडवताना दिसला, तो रक्तात त्या रूपात आणि त्या प्रमाणात पोहोचतच नाही. पूर्वी अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटीऑक्सिडंट क्षमतेचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे म्हणत त्याच खात्याने २०१२ मध्ये ते कोष्टक मागे घेतले. आजही डब्यांवर ‘इतक्या संत्र्यांइतकी अँटीऑक्सिडंट शक्ती’ असे छापलेले दिसते, त्याचे मोल एवढेच. आणखी एक बाब डायलिसिसच्या रुग्णापुरती. जीवाणूंनी केलेल्या या तुकड्यांतून हिप्युरिक ॲसिडसारखे पदार्थ बनतात आणि त्यांची बाहेर जाण्याची वाट मूत्रपिंडांतूनच जाते. वाट बंद असली की तेही साठतात.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?’

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. निसर्गात पदार्थ आपल्यासाठी निरुपद्रवी म्हणून तयार होत नाहीत. आपली मूत्रपिंडे आणि यकृत त्यांना हाताळतात, म्हणून ते निरुपद्रवी ठरतात. याचा सर्वांत धारदार पुरावा करंबळ या फळात आहे. कमरख म्हणूनही ते ओळखले जाते, आडवे कापले की चांदणीसारखी चकती निघते. निरोगी माणूस ते मीठ लावून सहज खातो. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र त्याने न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात आणि मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्यातले मज्जासंस्थेवर हल्ला करणारे द्रव्य शोधून काढले आणि त्याला कॅरँबॉक्सिन नाव दिले. निरोगी मूत्रपिंडे हे विष बाहेर टाकतात. डायलिसिसच्या रुग्णाने हे फळ एक फोडसुद्धा खाऊ नये.

नोनीचे उदाहरण जाहिरातींच्या अधिक जवळचे आहे. २००० साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका मूत्रपिंडाच्या रुग्णाची हकीकत छापून आली. पोटॅशियमचे पथ्य काटेकोर पाळतो, असे तो सांगत होता, तरी रक्तातले पोटॅशियम वाढलेलेच. शोध घेतल्यावर कळले, की तो नोनीचा रस घेत होता. तपासणीत त्या रसातले पोटॅशियम संत्र्याच्या रसाइतकेच भरले. त्या रुग्णाच्या लेखी तो रस फळांत मोडत नव्हता, औषधांतही मोडत नव्हता, म्हणून त्याने तो सांगितलाच नव्हता. आपल्याकडेही हेच होते. डॉक्टर ‘काय खाता?’ विचारतात, तेव्हा भाकरी, भाजी, वरण सांगितले जाते; सकाळच्या दोन झाकणे रसाची आठवण कुणाला राहत नाही.

आवळ्याचे कोडे आणखी वेगळे आहे. आवळा क जीवनसत्त्वाचा खजिना, आणि डायलिसिसमध्ये तेच वाहून जाते, मग आवळा पावडर उत्तमच, असे वाटते. भरपाई जरूर हवी, पण ती थोडी. डॉक्टर देतात त्या डायलिसिसच्या गोळीत क जीवनसत्त्व साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम असते. आवळ्याच्या अर्कातून रोज शेकडो मिलिग्रॅम जाऊ शकते. जादा क जीवनसत्त्वापासून शरीरात ऑक्झलेट बनते. निरोगी माणसाचे ते लघवीतून जाते. डायलिसिसच्या रुग्णात ते साठते आणि त्याचे स्फटिक सांध्यांत, हाडांत, रक्तवाहिन्यांत आणि हृदयात जमू शकतात. अ जीवनसत्त्वाचेही असेच, ते डायलिसिसमध्ये निघतच नाही. म्हणून २०२० च्या अमेरिकन मूत्रपिंड-आहार मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसच्या रुग्णांना अ आणि ई जीवनसत्त्वे सरसकट देऊ नयेत, असे म्हटले आहे. उणीव भरून काढणे आणि भडिमार करणे यांत फरक आहे. फिनलंडमधल्या २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या प्रयोगात काहींना बीटा कॅरोटीन हे अँटीऑक्सिडंट दिले, तेव्हा त्यांच्यात १९९४ च्या निष्कर्षात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्के वाढलेला आढळला. तर्काने चांगली वाटणारी गोष्ट प्रयोगात उलटी पडू शकते, हे तेव्हापासून वैद्यकाला पक्के ठाऊक आहे.

डब्यावरचे लेबल इथे मदतीला येत नाही. अशी बरीच उत्पादने आपल्याकडे अन्नविषयक कायद्याखाली, पूरक आहार म्हणून विकली जातात. औषधाला गुण सिद्ध करावा लागतो तसा त्यांना करावा लागत नाही. पोषणमूल्यांच्या तक्त्यात ऊर्जा, प्रथिने, साखर, चरबी, सोडियम देणे बंधनकारक आहे, पोटॅशियम नाही. म्हणजे डायलिसिसच्या रुग्णाला ज्या आकड्याची सर्वांत जास्त गरज, नेमका तोच लेबलवर नसू शकतो. ‘कमी सोडियम’चे म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. रक्तदाबाच्या रुग्णाला एरवी उपयोगी पडणारे हे मीठ डायलिसिसच्या रुग्णाला घातक आहे.

मग फळे सोडूनच द्यायची का?

अजिबात नाही, आणि इथे आहाराच्या त्या जुन्या कागदांनाही दुरुस्तीची गरज आहे. अनेक रुग्ण भीतीने सगळी फळे तोडतात. त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. फळांतला चोथा गेला की बद्धकोष्ठ वाढते. मूत्रपिंडे बंद असताना पोटॅशियम बाहेर जाण्याची जी एक नैसर्गिक वाट उरते, ती शौचाची, तीच तुंबते. क जीवनसत्त्वाची उणीव वाढते. जेवणातला आनंद जातो आणि भूक मंदावते. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९,७५७ डायलिसिस रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला दहाहून अधिक वेळा फळे-भाज्या खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा साधारण २० टक्के कमी होते. ज्यांची तब्येत आधीच बरी, तेच जास्त फळे खात असतील, ही शंका रास्त आहे. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. पण फळ म्हणजे विष, ही समजूत मात्र त्यातून नक्की मोडते. नव्या मार्गदर्शक सूचनाही सरसकट बंदी सांगत नाहीत. रक्तातली पोटॅशियमची पातळी पाहून आहार ठरवा, असे त्या सांगतात.

फळ आणि अर्क यांतला फरक इथे स्पष्ट होतो. एक पेला रसाला तीन-चार मोसंब्या लागतात. तो दोन मिनिटांत पोटात जातो, चोथा गाळणीत राहतो आणि पिण्याच्या पाण्याच्या दिवसाच्या कोट्यातला मोठा वाटाही त्यात जातो. लघवी जवळजवळ बंद असलेल्या रुग्णाला दिवसाला लिटरभराच्या आतच पाणी बसवायचे असते, हे विसरता येत नाही. उलट मोसंबीच्या चार फोडी सावकाश खाल्ल्या, तर पोटॅशियम थोडे जाते, चोथ्यामुळे त्यातले काही शोषलेही जात नाही, आणि किती खाल्ले ते डोळ्यांना दिसते. सफरचंद, पेर, अननस यांत १०० ग्रॅममागे पोटॅशियम ११० मिलिग्रॅमच्या आसपास असते, जांभळात त्याहूनही कमी. या फळांची एक वाटी बहुतेक रुग्णांना बसते. जालन्याच्या बागांतली द्राक्षे आणि डाळिंबाचे दाणे मधल्या गटात येतात, म्हणजे मूठभर आणि रोज नाही. केळी, मनुका, खजूर, चिंच आणि नारळपाणी टाळावे. मधुमेह्याची साखर अचानक उतरली तर रसाचा पेला न देता साखर किंवा ग्लुकोज द्यावे.

हा नियम सगळ्यांना एकसारखा लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांचे काम रोज चालते, त्यांच्यात पोटॅशियम कमी पडण्याचीही शक्यता असते आणि त्यांना फळे जास्त खायला सांगितली जातात. ज्यांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे त्यांना पपनस चालत नाही, कारण शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधांची रक्तातली पातळी ते वाढवते. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा आहार उचलून चालत नाही.

चौकट: थोडक्यात

• डायलिसिसमध्ये ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, पण अँटीऑक्सिडंट अर्कांनी रुग्ण जास्त जगतात, असे प्रयोगांत दिसलेले नाही.
• रस, पावडर आणि सुके फळ यांत पोटॅशियम दाट असते. अख्खे फळ थोडे आणि मोजून खावे.
• करंबळ पूर्ण वर्ज्य. नोनीचा रस, आवळ्याचा अर्क, ‘कमी सोडियम’चे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.
• क जीवनसत्त्वाची भरपाई डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीतूनच करावी.
• मोठ्या खंडाच्या दिवसांत पथ्य जास्त सांभाळावे.
• घेत असलेली प्रत्येक बाटली, डबा आणि चूर्ण डायलिसिसच्या खाटेवर दाखवावे.

आशेचा पैसा कुठे लावावा?

शेवटचा आक्षेप सर्वांत मानवी आहे. डायलिसिस सुरू झालेल्या माणसाच्या घरच्यांना काहीतरी करावेसे वाटते. गुण आला तर आला, नुकसान तर नाही, म्हणून ते डबा विकत घेतात. त्या धडपडीबद्दल आदरच वाटतो. पण नुकसान होऊ शकते, हे वर पाहिले, आणि ते टळले तरी पैसा जातोच. केंद्र सरकारने २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. तरी मंठ्याहून किंवा जाफराबादहून डायलिसिसला येण्याचा प्रवासखर्च, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी हे योजनेत बसत नाही. मग एक खेप चुकवली जाते. चुकलेल्या एका डायलिसिसची भरपाई कोणत्याही फळाचा अर्क करू शकत नाही. डब्याचे पैसे त्या खेपेच्या गाडीभाड्याला लावले, तर त्याचा फायदा नक्की आहे.

दुसरा नक्की फायद्याचा खर्च प्रथिनांचा. प्रत्येक डायलिसिसमध्ये काही ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, द्रावणात निघून जातात. म्हणून या रुग्णाला वजनाच्या किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिने कमी खायला सांगितलेली असतात आणि तेच पथ्य नंतरही चालू राहते, त्यामुळे माणूस वाळत जातो. अंड्याचा पांढरा भाग, आणि खाणाऱ्याला मासे किंवा चिकन, हा खर्च अर्काच्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि अंगी लागणारा आहे.

हे सगळे एका आकड्याभोवती फिरते. दर महिन्याच्या रक्ततपासणीत पोटॅशियमचा आकडा येतो आणि तो बहुधा फाइलीत जाऊन बसतो. तो ४.५ असेल तर मोसंबीच्या चार फोडींना हरकत नाही, ५.८ असेल तर या आठवड्यात नको, इतके साधे हे गणित घरच्यांना जमते. हळद, कापूस, मोसंबी पिकवणारी माणसे माती परीक्षणाचा अहवाल वाचून खताची मात्रा ठरवतात. त्यांना रक्ताचा अहवाल वाचणे जड नाही. कुणीतरी तो समोर ठेवून समजावला पाहिजे. म्हणून प्रत्येक डायलिसिस केंद्रात आहारतज्ज्ञ असावा, त्याने खाटेपाशी येऊन त्या महिन्याचा आकडा सांगावा आणि त्यावरून फळ ठरवून द्यावे, ही मागणी रुग्णांच्या नातेवाइकांनी लावून धरली पाहिजे. डब्यावरच्या मोठ्या अक्षरांना खरे उत्तर तेच आहे.